कंदील कुठल्या हातात

अन्वरचाचा गेल्याची बातमी मला आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली, आणि तीही भांडणाच्या मधोमध. 'गंमतगडप्रेमी' हे त्या ग्रुपचं नाव. दिंडोरी रस्त्यावरच्या आमच्या लहानपणीच्या गंमतगड पार्कचं रूप नवे मालक पालटणार, हे समजल्यापासून आम्ही तिथे रोज भांडत होतो. त्या सकाळी विषय नेहमीचाच होता. भुयारातल्या पहारेकऱ्याच्या पुतळ्याने कंदील उजव्या हातात धरला होता की डाव्या? मी उजव्या बाजूची. पोळ्या लाटता लाटता डाव्यांना खरमरीत उत्तर लिहीत होते, तेवढ्यात चाचांची मुलगी रुखसाना हिचा मेसेज आला. 'अब्बा आज पहाटे फजरच्या नमाजाच्या वेळी गेले. दुआ करा.' त्यानंतरचे तीन मेसेजही कंदिलाबद्दलच होते, कारण लिहिणाऱ्यांनी वरचं वाचलंच नव्हतं. मग सगळं एकदम थांबलं. मी गॅस बंद केला. माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते... आता मला सांगता येईल, असं मला वाटलं.

काय सांगता येईल, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. गंमतगड हा काही खराखुरा गड नव्हता. सिमेंटचे बुरूज, दारात फायबरचे दोन हत्ती, त्यांच्या नखांना गुलाबी रंग, आणि गडावर कचरा टाकायला तोंड उघडलेले पेंग्विन. कुठल्या गडावर पेंग्विन असतात, हे आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही. शाळेची सहल तिथे, वाढदिवस तिथे, मे महिन्यात मामेभावंडं आली की त्यांनाही तिथेच न्यायचं. नवे मालक म्हणाले, नाशिक म्हणजे द्राक्षं, तेव्हा आता गड जाऊन 'द्राक्षनगरी' होणार. झालं, ग्रुपमध्ये उभी फूट पडली. एक गट म्हणे, बुरुजाची वीट जरी हलवली तरी बघून घेऊ. दुसरा म्हणे, पेंग्विनवाल्या गडाची कसली आली आहे परंपरा. दिंडोरीचा एक बागायतदार म्हणाला की आम्ही वर्षभर द्राक्षंच बघतो, आता तिकीट काढूनही तीच बघायची का? पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. भुयारातल्या गाडीच्या तिसऱ्या वळणावरचा पहारेकरी राहिलाच पाहिजे. अंधाऱ्या कोनाड्यात तोंडाला मफलर गुंडाळून तो उभा असायचा आणि गाडी जवळ आली की सावकाश कंदील उचलायचा. बाकीची भुतं हातपाय हलवून किंचाळायची, त्यांना आम्ही हसायचो. पहारेकरी कंदील उचलण्यापलीकडे काहीच करायचा नाही, आणि घरी अंथरुणावर पडल्यावर तोच आठवायचा. त्याचा एकही फोटो कोणाकडे नाही. जे आहेत त्यांत कंदिलाचा नुसता पांढरा डाग दिसतो.

माझी गोष्ट जरा वेगळी होती. मी नऊ वर्षांची असताना गाडी भुयारात असतानाच वीज गेली. काळाकुट्ट अंधार, मुलांचं रडणं, आणि मागच्या डब्यातून आई माझ्या नावाने हाका मारतेय. मी घाबरून खाली उतरले. पुढे वळणावर कंदील तेवढा पेटलेला दिसत होता, म्हणून त्याच्या दिशेने चालत गेले आणि पहारेकऱ्याचा मोकळा हात धरला. तो गरम होता. वीज येईपर्यंत मी तो सोडला नाही. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, दिव्याने तापला असेल. ग्रुपवर लिहिलं तेव्हा लोकांनी माझं नाव 'गरम हातवाली' ठेवलं. नवरा तर अजूनही माझा हात हातात घेऊन 'बघ बरं, जिवंत आहे का' असं विचारतो. मी हसण्यावारी नेत आले, पण आतून मला फार लागायचं. त्या दिवशी मी खोटं बोलत नव्हते, एवढं कोणीतरी म्हणावं, इतकंच मला हवं होतं.

अन्वरचाचा हे त्या भुयाराचे आतले माणूस. गाडी मध्येच अडकली तर लोकांना बाहेर काढायला एकजण आत लागतो, ते काम त्यांचं, पार्क सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत. ग्रुपवर ते होते, पण ईद-दिवाळीला फुलांचं चित्र पाठवण्यापलीकडे त्यांनी कधी काही लिहिलं नाही. त्यांची माझी भेट झाली ती नव्या मालकांनी बोलावलेल्या बैठकीत. भुयाराचं आता द्राक्षरसाचं तळघर होणार होतं, पण पहारेकरी ठेवायला मालक तयार झाले होते. अडचण एकच होती. जुना पुतळा सापडत नव्हता, सामानाच्या यादीतही त्याची नोंद नव्हती. तेव्हा आमच्या आठवणीवरून नवा करायचं ठरलं. मी बराच वेळ तावातावाने बोलले, आणि खाली बसल्यावर लक्षात आलं की शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ आहेत आणि ते पहिल्यापासून तिथेच आहेत. चित्र काढणाऱ्या मुलीने त्यांना कंदिलाचं विचारलं. "कधी ह्या हातात, कधी त्या," ते म्हणाले. सगळे हसले. आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक, उजव्या बाजूचे खंदे पुरस्कर्ते, त्यांना समजावत म्हणाले की चाचा, तुम्ही आत कामात असायचात, आम्ही समोरून बघितलंय. चाचांनी मान डोलावली. मतदान झालं आणि उजवा हात जिंकला. माझं मत त्यालाच होतं.

नंतर मी चाचांना जुन्या नाशकात त्यांच्या घरी सोडायला गेले. टळटळीत दुपार होती. शमीमचाची चहा टाकायला आत गेल्या. भिंतीवर खिळ्याला एक जुना कंदील टांगलेला होता, त्यात वातीच्या जागी बॅटरीवरचा छोटा दिवा. मी तो ओळखला. चाचांनी तो खाली काढला आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मी समोर खुर्चीवर बसले होते, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, मी त्यांच्याकडेच बघत होते, आणि तरी हळूहळू असं वाटायला लागलं की या खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही. छाती हलत नव्हती. पापणी हलत नव्हती. कोपऱ्यात माणूस होता तिथे आता कोपराच होता... मी कशीबशी 'चाचा' म्हणाले, तेव्हा कंदील सावकाश वर आला. शमीमचाची कप घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हे घरातही असंच करतात, झाडू मारताना मी कितीदा दचकलेय.

मग त्यांनी सांगितलं. पुतळा होता, पण पहिल्याच पावसाळ्यात ओल धरून त्याची मोटर जळाली आणि तो भंगारात गेला. रविवारी पोरं विचारायला लागली, पहारेकरी कुठाय? चाचा नाहीतरी आतच असायचे. नवा पुतळा येईपर्यंत म्हणून मफलर गुंडाळून ते कोनाड्यात उभे राहिले. नवा पुतळा कधी आलाच नाही. उजवा हात दुखला की कंदील डाव्यात, डावा दुखला की उजव्यात. मफलर होता तो थंडीत तोंडाची वाफ दिसू नये म्हणून. मला जे विचारायचं होतं, ते त्यांनीच सांगितलं.

"वीज गेली होती तेव्हा एका पोरीने माझा हात धरला होता. घाबरू नको बेटा, असं म्हणणार होतो. पण पुतळा बोलला असता तर तू मेलीच असतीस भीतीने. मग उभाच राहिलो."

ते 'तू' म्हणाले. मी तिथेच रडायला लागले. ग्रुपवर लोक तुला हसायचे तेव्हा वाईट वाटायचं, असंही ते म्हणाले. मग लिहिलं का नाही, मी विचारलं.

"आत माणूस होता म्हटलं की पोरांचा पहारेकरी संपला. मी हाय तोवर गप राहा. मग सांग खुशाल."

निघताना चाचा दारापर्यंत सोडायला आले. चपला घालत होते मी. ते हसून म्हणाले, "उजवा तर उजवा. पण एकाच हाताने कसं निभेल गं त्याला?"

मी गप्प राहिले. ग्रुपवर पूर्वीसारखी उजव्या हाताच्या बाजूने भांडतही राहिले, कारण एकदम भांडण सोडलं असतं तर सगळ्यांना संशय आला असता. चाचा ते वाचत असणार आणि हसत असणार, या कल्पनेने मजाही यायची. नवा पुतळा बघायला मात्र ते राहिले नाहीत. आता सांगायची मोकळीक होती, पण पोरांचा पहारेकरी संपेल म्हणून मी ते ग्रुपवर लिहिलं नाही.

त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि पाठोपाठ द्राक्षनगरी उघडली. मी एकटीच गेले. हत्ती गेले, बुरुजांवर प्लॅस्टिकचे वेल चढले. पेंग्विन मात्र राहिले, जांभळे रंगवून. एका तिकिटावर तळघराच्या दोन फेऱ्या होत्या, दोन कुपनं. गाडी आत शिरली. लाकडी पिंपं, सरबताचा गोडसर वास, आणि त्याखाली तोच जुना ओलसर वास. तिसऱ्या वळणावर तो उभा होता. मफलर बरोबर, उंची बरोबर. घर्र आवाज करत कंदील वर आला, उजव्या हातात, आम्ही ठरवला तसा. गाडी आता फार हळू चालते. मी वाकून त्याचा डावा हात धरला. थंडगार फायबर. चाचा खरोखर गेले, हे मला तेव्हा पटलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, एवढं काय घाबरताय, पुतळाच तर आहे. दुसऱ्या फेरीसाठी मी थांबले नाही.

त्याच संध्याकाळी लासलगावच्या एका मुलीने ग्रुपवर लिहिलं की पहारेकरी भारी झालाय, डाव्या हातातला कंदील असा उचलतो की जिवंतच वाटतो. तिने जुनं पार्क कधी पाहिलेलंच नाही. आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडलो. दोन दिवसांनी आणखी दोघांनी लिहिलं, डावा. मग चित्र काढणाऱ्या मुलीने पुतळ्याचा आराखडाच पाठवून दिला. हलतो तो फक्त उजवा हात, डावा अंगाबरोबर एकसंध ओतलेला आहे, तो उचललाच जाणार नाही. त्यानंतरही भांडण थांबलेलं नाही, उलट पूर्वीपेक्षा जोरात चाललं आहे. माझ्या पर्समध्ये ते दुसरं कुपन अजून आहे. रोज वाटतं जावं. गेले आणि उजवाच दिसला तर चाचा मला दुसऱ्यांदा जातील. आणि डावा दिसला तर... तर मी त्याचा उजवा हात धरून बघेन, आणि तो गरम लागला तर काय करायचं, हे मला ठरवता येत नाही.

परवा प्राध्यापकांचा फोन आला. हा माणूस कंदिलाबाबत आजवर एक पाऊल मागे सरलेला नाही. इकडचं तिकडचं बोलले, मग आवाज खाली आणून म्हणाले की काल नातीला घेऊन गेलो होतो, अगदी जवळून बघितलं, डावा होता हो. असं कसं झालं असेल, त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "हात दुखला असेल."