पट्टीवरचा गाळ

गोमाईच्या पात्रात पाण्याची पातळी दाखवणारी आकड्यांची पट्टी आहे. रोज सकाळी ती वाचून पातळी पुराचा इशारा देणाऱ्या कचेरीला कळवायची, हे माझं काम. एकदा धुणं धुणारी एक म्हातारी नारळाच्या शेंडीने ती पट्टी घासताना दिसली. आकडे खरवडतेय असं वाटून मी खेकसलो. तिने शेंडी पाण्यात बुडवली, तळाचा आकडा पुन्हा घासला आणि म्हणाली, “मले आकडा वाचता येत नही, भाऊ. पूर उतरना का गाळ बसस. तुम्ही येतस नही त्या दिन बी मी पुशी ठेवस.”

त्या दिवसांचे आकडे मी घरी बसून अंदाजाने कळवले होते. तिचं घर काठावरचं पहिलं; पूर आला तर पाणी आधी तिथेच शिरणार. मी वही उघडली. पट्टी इतकी लख्ख होती, की मला ती वाचवेना.