मधल्या मापाचा तारामासा

मामांच्या पायाला भिंगरीच होती, पण त्या आठवड्यात त्यांनी हद्द केली. चहा घेता घेता उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे आणि चहा गार झाला म्हणून मामीवरच चिडायचे.

मामा संग्रहालयात बरण्या सांभाळायचे. उष्ण समुद्रातले तारामासे, दोन हजार बरण्या. स्पिरिट बदलायचं, चिठ्ठ्या लिहायच्या, काम एवढंच. पण तीस वर्षं भिंगातून बघून बघून ते इतके तयार झाले होते, की संग्रहालयाच्या प्रमुख बाईसुद्धा अडलं की त्यांनाच हाक मारत. स्पिरिटमध्ये रंग उडतो, म्हणून रंगावर मामांचा काडीचा विश्वास नव्हता. तारामासा उलटा करायचा, काठावरच्या चकत्या मोजायच्या, मगच तोंड उघडायचं.

अशाच मोजणीत त्यांना आठ चपटे, पंचकोनी, बोटाच्या पेराएवढे तारामासे सापडले. ते कुठल्याच प्रजातीत बसेनात. बाईंनीही तपासून मान डोलावली. नवी प्रजाती! नाव मामीचं द्यायचं ठरलं. निबंध शुक्रवारी छापायला जाणार होता.

आणि सोमवारी मामांनी मागच्या फळीवरची एक बिनचिठ्ठीची बरणी उघडली. आत मधल्या मापाचा तारामासा. चकत्या त्याच, कड तशीच चपटी, पण मध्ये पोट फुगायला लागलेलं. म्हणजे ते आठ जण वेगळे कुणी नव्हतेच. उशीसारखा टम्म तारामासा असतो ना, सगळ्यांना ठाऊक असलेला, त्याचीच ती पिल्लं. लहानपणी चपटी, मोठेपणी फुगीर. मामांनी पोरांना आईबापापासून तोडून वेगळं घराणं देऊन टाकलं होतं.

चार दिवस त्यांनी ते पोटात ठेवलं. शुक्रवारी सकाळी मामीला सांगितलं. मी तिथेच होते.

"छापलं आणि मग कुणाला कळलं तर?" मामीने विचारलं.

"नाव यादीत राहतं. पण चूक म्हणून. कायमचं."

"मग राहू दे की! चूक म्हणून का होईना, राहीन तरी कुठेतरी. आपल्यामागे आहे कोण नाव घ्यायला?"

मामा येरझाऱ्या घालू लागले. मला त्यांचाच राग आला. एक बरणी मागे सरकवली तर काय आभाळ कोसळणार होतं? मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकलंच नाही. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. तिसऱ्यांदा घातल्या आणि दारातून मामीला म्हणाले, "विचारायला नव्हतो थांबलो गं. तुला सांगितल्याशिवाय जाववेना."

आणि भराभर जिना उतरून गेले.

मामी ओट्याला धरून उभी राहिली. आता ही रडणार, असं मला वाटलं. पण माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "बसलीस काय अशी? जा त्यांच्या मागे. बाईंसमोर कबूल करताना जीभ अडखळेल त्यांची. एकट्याने नाही जमायचं त्यांना."