अडत्यांचे वासरू

"वासराले पायजे, बाई," असे म्हणून ते माझ्याकडून दोरी घ्यायचे. म्हणताना माझ्याकडे पाहायचे नाहीत, रस्त्याकडे पाहायचे.

ते अमरावतीच्या कापूसबाजारात अडत्ये होते. मी त्यांच्या घराशेजारीच राहून अंबाडीच्या दोऱ्या वळून विकत असे. अमेरिकेत लढाई जुंपली, आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि बाजारात पुष्कळांची पोटे सुटली. अडत्यांचे जरा जास्तच. भरल्या गाडीवर चढून तळापर्यंत हात घातल्याशिवाय कापूस कळत नाही, हे तुम्हीही पाहिले असेल. त्यांना चढवेना. वरवर पाहून सौदे करू लागले आणि एकदा वजन वाढवायला तळाशी भिजवलेला माल पदरात पडला. मुंबईच्या व्यापाऱ्याने नको ते सुनावले. पुन्हा तसे झाले असते तर अडत बसलीच असती.

तालमीतल्या वस्तादाने त्यांना दोरीवरच्या उड्या सांगितल्या. पण बाजारात ज्याच्या शब्दाला मान, त्याने पोरींसारख्या उड्या मारायच्या? ते मागच्या अंगणात, तुराट्यांच्या कुडाआड मारायचे. मला सगळे ऐकू यायचे. धप्प, मग दोरी पायात, मग "अरे देवा".

वासराला बांधलेली दोरी गळ्याशी झिजते. अडत्यांची मधोमध झिजायची. शेवटी मी म्हटले, "शेटजी, तुमच्या वासराले ही दोरी लांब होऊन राहिली. मधात पाय ठेवला का टोकं बगलेत यायले पायजेत."

"वासराच्या बगलेत?"

"त्याच्याच. अन् त्याले सांगा, टाचा टेकू नोको. हात नाही, मनगट फिरव."

त्यांचे कान लाल झाले. "सांगतो," म्हणाले, आणि आखूड दोरी घेऊन गेले. हळूहळू कुडापलीकडचा धप्प आवाज हलका झाला. मग नुसती दोरीची सळसळ ऐकू येऊ लागली.

त्या हंगामात माझा भाऊ बार्शीटाकळीहून कापूस घेऊन आला. अकोला जवळ असून इतक्या लांब आला. बहिणीची भेट होईल, म्हणाला. मला बरे वाटले. माझ्या शब्दावर गाडी अडत्यांकडे लागली.

अडत्ये चाकावर पाय ठेवून एका दमात वर गेले. मला अभिमान वाटला, खोटे कशाला बोलू. मग त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीतून पाणी ओघळत होते. भोवती माणसे उभी होती. त्यांनी मूठ उघडली नाही, तशीच सदऱ्यात नेली.

खाली उतरून त्यांनी भावाच्या हातावर रुमाल टाकला. बोटे दाबून भाव ठरवायची ही बाजाराची रीत. बाहेरच्याला काही कळत नाही. मला भावाचा उतरलेला चेहरा तेवढा दिसला. गाडी वाळवणाला अडत्यांच्या अंगणात गेली.

"रस्त्यात दव पडलं असन," ते जाता जाता मला हळूच म्हणाले.

जेवताना भाऊ कुरकुरला. "मांगच्या साली या माणसाले चाकावर पाय ठेवता येत नोता. म्हणून तं इथं आलो. यंदा चढला कसा?"

मी भाकर थापत राहिले.

अडत्ये पुन्हा कधी माझ्या दारात आले नाहीत. दोरीला गडी पाठवायचे. मला त्यांच्यासमोर मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी. ती मी गड्यासमोर घालत होते.