बाईंनी मागे घेतलेला विहार

डॉ. मृणालिनी देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट पुण्यात, पुरातत्त्व विभागाच्या प्रवेश-मुलाखतीत झाली. मी भंडाऱ्याहून आले होते. बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "या टेबलावर काय काय आहे ते लिहा."

मी लिहिले : दोन फायली, एक चष्मा, एक कप चहा.

"चहा कशावरून?"

मी गडबडले. "दिसतोय ना, मॅडम."

"तपकिरी पाणी दिसतंय. वास घेऊन पाहा."

तो आल्याचा काढा निघाला. बाईंना सर्दी झाली होती. "सोमवारी या, मेश्राम," त्या म्हणाल्या. "आणि मॅडम नको, बाई म्हणा." प्रवेश मिळाल्याचे मला असे समजले.

तेव्हा देशात उदारीकरण नुकतेच रुळू लागले होते आणि जो तो संगणकाच्या कोर्सला नाव घालत होता. मी येरवड्याला थोरल्या बहिणीकडे राहत असे. "सगळं जग कॉम्प्युटरकडे धावतंय आणि तुम्ही माती उकरा," हे भाऊजींचे वाक्य रोजच्या पोह्यांबरोबर ठरलेले. पुढे आमचे उत्खनन हिंजवडीच्या पलीकडे एका गावात सुरू झाले, तेव्हा माझ्या मैत्रिणी कंपनीच्या बसने आणि मी विभागाच्या जीपने एकाच रस्त्याने जाऊ लागलो. वाट एक, उतरायचे ठिकाण तेवढे वेगळे.

गावाबाहेर पांढऱ्या मातीचे एक टेकाड होते. त्याच्या पोटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची विटांची इमारत होती : मधे चौक आणि त्याभोवती लहान लहान खोल्या. पहिल्या हंगामाअखेर बाईंनी एक लेख लिहून हा बौद्ध विहार असल्याचे मत मांडले. माझे आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. बाबा निवृत्त पोस्टमन. मी पाठवलेला लेख त्यांनी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या फलकावर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "माही पोरगी खोदून रायली हे."

बाईंच्या हाताखाली खोदणे सोपे होते, लिहिणे अवघड. सकाळी सातला दोऱ्या ताणायच्या, पातळी मोजायची, पाटीवर तारीख आणि खड्ड्याचा क्रमांक घालून छायाचित्र घ्यायचे. खापराचा तुकडा निघाला तरी त्याला स्वतंत्र पुडी आणि चिठ्ठी. या सगळ्याची रोजनिशी शिसपेन्सिलने लिहायची, मात्र खोडरबराला बंदी. चुकले तर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही. संध्याकाळी सहाला चटईवर बसून प्रत्येकाने आपली रोजनिशी मोठ्याने वाचायची. गळ्यात ओळखपत्रे अडकवलेले काही इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत खड्डे बघायला येत. त्यांतल्या एकाने विचारले, "मॅम, या सगळ्याचा बॅकअप घेता का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "रोज. कार्बन पेपरने."

बाईंचा आणखी एक नियम होता. ज्याच्या हातून वस्तू निघाली त्याचे नाव रोजनिशीत यायलाच हवे. "मजुराला सापडले" असे लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी विचारले होते, "तुमच्या आईवडिलांनी तुमचं नाव 'विद्यार्थी' ठेवलंय का?"

दुसऱ्या हंगामात चौकाच्या उत्तरेकडची एक खोली माझ्याकडे आली. तिच्या तीन भिंती आधीच मोकळ्या झाल्या होत्या आणि त्यांत कुठेही दार नव्हते. दार पूर्वेला असणार, असे बाईंच्या लेखातच होते. माझ्यासोबत गावातल्या हौसाबाई होत्या. त्यांची निम्मी हयात वीटभट्टीवर गेलेली. चार दिवसांत आम्ही पूर्वेची भिंत तळापर्यंत उघडली. ती कमरेइतकी उंच आणि सलग होती. दार नव्हतेच.

भिक्षू राहणार त्या खोलीला दार नाही? मी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग रोजनिशीत लिहिले : "पूर्वेकडील दार नंतरच्या काळात विटांनी बुजवले असावे."

हौसाबाईंनी विचारले, "काय लिवलं, ताई?" मी सांगितले. त्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बुजिवल्यालं न्हाई हे. बुजिवलं की कडंला उभी भेग ऱ्हाती. हितं सांधा एकसारखा हाय."

मी ऐकले, पण वाक्य तसेच ठेवले. फलकावरचा तो लेख डोळ्यांपुढून हलत नव्हता.

संध्याकाळी मी वाचून दाखवले. बाईंनी चष्मा काढला. "बुजवल्याची खूण काय दिसली?"

मी रोजनिशीचे पान पुन्हा वाचून पाहिले.

"मेश्राम, हे तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला हवं होतं?"

सगळ्यांसमोर मला रडू आले. हौसाबाई काय म्हणाल्या ते मी सांगून टाकले. बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खड्ड्यात उतरल्या आणि हौसाबाईंना म्हणाल्या, "मला नीट दाखवा. विटेतलं तुम्हाला जास्त कळतं." अर्धा तास दोघी भिंतीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. वर येऊन बाईंनी माझ्या वाक्यावर माझ्याकडूनच रेघ मारून घेतली. मग हसून म्हणाल्या, "तुमची चूक एका ओळीची आहे. माझी चांगली नऊ पानांची आहे. चला, शेजारची खोली उघडू."

शेजारच्या खोलीला दार नव्हते. तिसरीलाही नव्हते. जमिनीवर मात्र भुशात कालवलेल्या मातीचा जाड गिलावा होता आणि फटींत जळून काळे झालेले दाणे. वरून धान्य ओतायची कोठारे होती ती.

मी बाबांना काही कळवू शकले नाही आणि नेमके त्याच आठवड्यात ते विहार बघायला आले. पांढरा सदरा, हातात वस्तीतल्या लोकांनी दिलेली फुले. मी खड्ड्यातच थांबले. बाईच पुढे झाल्या.

"मेश्रामसाहेब, मी आपली माफी मागते. मी विहार म्हणाले, तो विहार नाही. कोठार आहे, जळलेले दाणे मिळालेत. आणि ते आपल्या मुलीच्या खड्ड्यात सिद्ध झालं."

बाबांनी फुले एका हातात घेतली आणि दुसरा हात पुढे केला. मग त्यांनी विचारले, "दाने पाहू शकतो का जी?" बाईंनी पुडी उघडून काळे दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि हात धरून त्यांना खोली-खोली दाखवली. परतताना बाबा म्हणाले, "आपला धम्म 'पाहा, मग माना' असंच सांगते. मी जाऊन फलकावरचा कागद बदलतो. तू मले नवा लिहून दे." ती फुले त्यांनी हौसाबाईंना दिली.

त्या वर्षीच्या पुण्यातल्या परिसंवादात बाईंचे निबंधवाचन होते. सभागृह भरलेले होते. त्यांच्या विहाराच्या मताला विरोध करणारे दोन ज्येष्ठ विद्वान पहिल्याच रांगेत बसले होते. पहिलेच वाक्य त्या बोलल्या, "गेल्या वर्षीचं माझं मत चुकीचं होतं, ते मी मागे घेते." मग भिंतीचे छायाचित्र पडद्यावर दाखवून म्हणाल्या, "हे निरीक्षण हौसाबाईंचं आणि नोंद सुजाता मेश्राम यांची." मागच्या रांगेत हौसाबाई नऊवारीत बसल्या होत्या, बाईंनी त्यांना जीप पाठवून बोलावले होते. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी मला कोपराने ढोसले, "उठू का बसू?" मी म्हटले, "उठा." त्या उठल्या आणि सगळ्यांना नमस्कार करून निवांत खाली बसल्या.

चहाच्या वेळी मी बाईंना विचारले, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. दोन दिवस जेवण गेलं नाही," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी भूक लागली."

आज मी स्वतः शिकवते. टेकाडाच्या तिन्ही बाजूंना काचेच्या इमारती आहेत, पण कोठाराभोवती कुंपण आहे, आणि त्यासाठी बाई कचेऱ्यांचे किती जिने चढल्या हे मी पाहिले आहे. पंचाहत्तरीतही त्या आठवड्यातून दोनदा ग्रंथालयात येतात. या गौरवग्रंथासाठी आलेल्या लेखांतली अतिशयोक्ती त्यांनी स्वतः तपासून कापली आहे, असे संपादकांनी मला कळवले. माझ्याही दोन विशेषणांवर रेघ आहे, शेजारी सही.

बाई, आपल्याला भरपूर आयुष्य लाभो, आपले गुडघे आणि नजर शाबूत राहोत. आम्हां सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने मी एवढेच मागते : आपल्या शंभरीचा ग्रंथ निघेल, तेव्हा त्यातल्या चुका काढायलाही आपणच असाव्यात.