शेवटच्या पानावरचा लाल शेरा

दौंड जंक्शनात आजवर जितक्या गाड्या उशिरा आल्या असतील, त्याहून जास्त चुंबनं आमच्या हिच्या मामांनी उशिरा आणली आहेत. नायक-नायिकेची नजरानजर पहिल्या पानावर, पण प्रत्यक्ष हातात हात यायला वाचकाला साठ-सत्तर पानं ताटकळत उभं राहावं लागतं, आणि त्यापुढचं जे काही असतं ते आउटर सिग्नलला अडकलेल्या गाडीसारखं थांबून थांबून येतं. मामा रेल्वेत गार्ड होते. गार्ड निवृत्त झाले की भाजी आणतात, नातवंडांना शाळेत सोडतात, नाहीतर कॉलनीतल्या लिंबाखाली बसून हल्लीच्या गार्डांना नावं ठेवतात. मामांनी शृंगारिक कादंबऱ्या लिहायला घेतल्या. पाच छापल्या. दौंडातल्याच एका छापखान्यात, गुलाबी मुखपृष्ठाच्या. छापखानेवाल्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "गार्डसाहेब, गड्याच्या नावावर असलं पुस्तक बायामाणसं घरात न्हेत न्हाईत." तेव्हा मामांनी लेखिका म्हणून गेलेल्या मामींचं माहेरचं नाव घातलं. मी एकदा विचारलं, "मामा, हे या वयात कुठून सुचलं?" तर म्हणाले, "जावईबापू, सगळी हयात गाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. मी घरी यायचो तवा ती झोपलेली, ती उठायची तवा मी निघालेलो. बोलायचं राह्यलं. ते लिहितोय, आन् दुसरं काय."

पण मामींचं नाव लावलं म्हणून मामांमधला गार्ड काही गेला नाही. खात्री केल्याशिवाय ते एक वाक्य पुढे सोडत नसत. एका रविवारी शिरूरला आमच्याकडे आले ते खिशात टेप घेऊन. ओट्याची उंची मोजली, ओटा आणि फ्रिज यांतलं अंतर मोजलं आणि म्हणाले, "जावईबापू, जरा हिच्या मागं हुबं ऱ्हावा. हिच्या हातात उलथनं हाय असं समजा. आता तुमचा उजवा हात कुठवर येतो ते बघू द्या." मी शाळेत मराठी शिकवतो, आज्ञा देणं जमतं, मोडणं जमत नाही. उभा राहिलो. ही म्हणाली, "मामा, भाकरी करपतीये." मामा म्हणाले, "करपू दे, पन गॅस बंद कर आधी." नेमकी त्याच वेळी माझी आई पाणी प्यायला आत आली. आम्हा दोघांची ती अवस्था आणि शेजारी टेप धरून उभे असलेले हिचे मामा पाहून ती पाणी न पिताच परत गेली, आणि पुढे आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. कादंबरीत मात्र ते वाक्य जसंच्या तसं उतरलं: 'त्याने आधी गॅस बंद केला आणि मग तिला जवळ घेतले.'

या पुस्तकांचं खरं घर म्हणजे आमच्या शिरूरच्या एसटी स्टँडमागचं नजमाआपांचं वाचनालय. एकच खोली, आपांच्या वडिलांनी सुरू केलेली. तिथे एक रीत आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आपा एक कोरं पान चिकटवतात, वर 'अभिप्राय' असं लिहितात. टेबलाला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली असते. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्यानं चार ओळी लिहायच्या. पेन्सिलनंच लिहायच्या, आणि नाव घालायचं नाही. "नाव आलं की माणूस खोटं बोलतो," असं आपांचे वडील म्हणायचे म्हणे. या एका रितीसाठी मामा दर पंधरा दिवसांनी दौंडहून एसटीनं यायचे, कोणी अनोळखी वाचक असल्यासारखे कपाटासमोर उभे राहायचे आणि स्वतःचीच पाच पुस्तकं मागच्या बाजूनं उघडून बघायचे. ते लेखक आहेत हे शिरूरात फक्त आपांना, हिला आणि मला ठाऊक होतं.

अभिप्राय तर काय एकेक! 'अत्यंत अश्लील. दोनदा वाचले.' 'मुलींच्या हाती पडू देऊ नये. मला सुनेने दिले.' 'आमच्या ह्यांना मुद्दाम वाचायला दिलं, पाचव्या पानावर झोपले.' 'नायिकेचा पदर वरचेवर ढळतो. पिना मिळत नाहीत का?' मामा हे सगळं एका वहीत उतरवून घ्यायचे, गाडीच्या नोंदी ठेवाव्यात तसं: वाचक नाराज, कारण पदर, उपाय पुढील पुस्तकात. पुढल्या पुस्तकातली नायिका शेवटपर्यंत पंजाबी ड्रेसात वावरली. त्यावर कुणीतरी लिहिलं, 'साडीची मजा गेली.' मामा दोन रात्री झोपले नाहीत. तिसरी कादंबरी त्यांनी इनामगावच्या, उत्खननात सापडलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीत घडवली, घोडनदीच्या काठी, मडकी घडवणारा नायक आणि पाणी भरणारी नायिका. तिच्यावर आमच्याच शाळेतल्या कुणाचा तरी शेरा पडला: 'त्या काळी ब्लाउज नव्हता. लेखिकेने कुठून आणला?' मामा हळूच मला म्हणाले, "आनला न्हाई तर छापखानेवाला छापीना." आणि एकदा चौथ्या पुस्तकाचं एक पान कुणीतरी अलगद फाडून नेलं, तेव्हा मला वाटलं मामा चिडतील. त्यांनी घरी जाऊन ते पान हातानं लिहून काढलं, आणून खळीनं चिकटवलं. महिन्याभरात तेही गेलं. मामांनी मला स्टँडवर उसाचा रस पाजला. "दुसऱ्यांदा फाडलं, जावईबापू! याच्या वरचा पुरस्कार सरकारकडं बी न्हाई."

ज्यांना ही पुस्तकं आवडत आणि ज्यांना आवडत नसत, त्या सगळ्यांना मामा सारख्याच मायेनं वाचायचे. पण वाट पाहायचे ती एका वाचक बाईची. नाव अर्थातच नाही. फक्त शेवटी 'कवठे येमाई' असं गाव. गोल, जपून काढलेलं अक्षर, बऱ्याच वर्षांनी पेन्सिल धरल्यासारखं. पहिल्या पुस्तकावर तिनं लिहिलं होतं, 'गॅस बंद करणारा पुरुष पहिल्यांदाच वाचला.' दुसऱ्यावर, 'नायिका भांडी घासताना गाणं म्हणते ते खरं वाटलं. मीपण म्हणते, पण मनात.' हळूहळू ते अभिप्राय राहिले नाहीत, पत्रंच झाली. आणि पाचव्या पुस्तकाच्या मागे तिनं पान भरून लिहिलं. त्यातल्या शेवटच्या ओळी मला पाठ आहेत: 'लग्नाला एकोणीस वर्षं झाली. ह्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. या पुस्तकातल्यानं बायकोला नावानं हाक मारली तर मीच ओ दिली. घरात कुणी ऐकलं नाही म्हणून बरं. ताई, तुम्हाला हे कसं कळतं? बाईचं बाईलाच कळतं.'

आता माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी वाईट माणूस नाही, मी मास्तर आहे. चुकीचं काही दिसलं की माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो. मी लग्नपत्रिका तपासतो. हॉटेलातलं मेनूकार्ड तपासतो. हिनं लग्नाआधी पाठवलेलं पहिलं पत्र मी दुरुस्त करून परत पाठवलं होतं, तरी तिनं माझ्याशी लग्न केलं, ही तिची चूक मात्र अजून दुरुस्त करता आलेली नाही. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वाचनालयात गेलो. पाचवं पुस्तक टेबलावर नुकतंच परत आलेलं होतं. पान वाचलं. मनापासून सांगतो, दोनदा वाचलं. आणि तरीही माझी नजर त्या शेवटच्या वाक्यावर अडकली. बाईचं बाईलाच कळतं. माहिती चुकीची होती! आपा पलीकडे रिक्षातून आलेले गठ्ठे उतरवून घेत होत्या. मी लाल पेन काढलं, 'ताई' या शब्दाला गोल केला, आणि त्याखाली माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'लेखिका नव्हे, लेखक. निवृत्त रेल्वे गार्ड, दौंड.' खाली रेघ मारली. पुस्तक मिटलं. घरी जाऊन चहा प्यायलो. आपण काही केलंय असं मला वाटलंसुद्धा नाही. उत्तरपत्रिका तपासताना कुठे वाटतं?

पंधरा दिवसांनी मामा आले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी पाचवं पुस्तक मागून उघडलं आणि वही बाहेर काढलीच नाही. मी जवळ गेलो. तिनं पुन्हा येऊन आपलं सगळं लिहिलेलं खोडरबरानं पुसून टाकलं होतं. इतकं जोर देऊन, की कागद पातळ होऊन त्यातून मागचा गुलाबी पुठ्ठा दिसत होता. माझा लाल शेरा पुसला जाणारा नव्हता. तिनं तोही पुसून पाहिला असणार, कारण त्याच्याभोवती कागदाचे तंतू उठले होते. सगळ्यात खाली, त्याच गोल अक्षरात, नव्यानं एवढंच लिहिलं होतं: 'ताई समजून मनातलं लिहिलं. चूक माझी.'

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. आमच्या मुलीच्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते मीच लिहिले होते, त्यामुळे अक्षर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"अक्षर लई सुरेख हाय," ते म्हणाले.

"मामा, मी..."

"माहिती बी बरोबर हाय. एक चूक न्हाई."

"मी नव्हतं लिहायला पाहिजे."

"तुमचं सोडा. लाल दिवा दावणाऱ्यावर गार्डानं चिडू न्हाई." त्यांनी त्या पातळ झालेल्या कागदावरून बोट फिरवलं. "बाई मला बहिनीसारखं सांगत व्हती, आन् मी वहीत उतरवून घेत व्हतो. पुढच्या पुस्तकात कामाला येईल म्हनून. ह्ये मला कवा दिसलंच न्हाई, बघा."

आपा टेबलामागून म्हणाल्या, "भाईजान, चहा मागवू?" मामांनी हातानंच नको म्हटलं. चार वाजताच्या गाडीला अवकाश होता, तरी ते स्टँडवर जाऊन बसले.

त्यानंतर कवठे येमाईचं अक्षर कुठल्याच पुस्तकाच्या मागे दिसलं नाही. मी आपांकडे गेलो, म्हणालो, तुमच्या रजिस्टरात नाव-पत्ता असेलच. मला द्या, मी जातो, माफी मागतो. आपांनी रजिस्टरवर हात ठेवला. "सर, त्यांनी मन वाचायला दिलं होतं, पत्ता नाही. तुम्ही दारात जाऊन उभे राहिलात तर घरचे विचारतील ना, हे मास्तर कशाची माफी मागतायत. मग काय सांगणार?" पत्ता उतरवायला काढलेलं पेन मी परत खिशात ठेवलं.

मामांनी लिहिणं थांबवलं, शिरूरला येणंही. सहावी कादंबरी अर्धी झाली होती. ही दर आठवड्याला फोनवर विचारायची, "मामा, पुढं काय झालं?" मामा म्हणायचे, "हिरो दारात हुबा हाय. ऱ्हाऊ दे हुबा." दौंडला गेलो की माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलत, जेवायला वाढताना आग्रह करत, जावईबापू म्हणत. कुणी रागावलं नाही की आपलं ओझं आपल्यालाच उचलावं लागतं. हिनं मात्र माझ्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं. शाळेत लागतं म्हटलं तर म्हणाली, "शाळेतच ठेवून येत जा."

गेल्या दिवाळीनंतर मामा पुन्हा शिरूरला येऊ लागले. आता ते स्वतःची पुस्तकं उघडत नाहीत. दुसऱ्यांच्या प्रेमकथा नेतात, गाडीत वाचतात, परत आणतात. आपा सांगत होत्या, भाईजान आता आमची रीत पाळत नाहीत. मी एक पुस्तक मागून उघडलं. पेन्सिलनं लिहिलं होतं: 'पुस्तक चांगले आहे. नायक नायिकेला काही विचारत नाही, नुसते सांगतो. विचारले असते तर बरे झाले असते.' आणि खाली पूर्ण नाव, रेल्वे कॉलनी, दौंड. त्याच्यापुढे, कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून, मुद्दाम अधोरेखित करून: 'पुरुष. वय बहात्तर.' दुसरं पुस्तक उघडलं, त्यातही तसंच. तिसऱ्यातही. कुठल्याही पानावर त्यांच्या खाली कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

दोऱ्याला बांधलेली पेन्सिल टेबलावरून खाली लोंबत होती. मी ती उचलून वर ठेवली, लिहिलं काही नाही. कवठे येमाईची एसटी साडेपाचला सुटते, आणि त्याआधी गावच्या बायका घाईनं येऊन दाराजवळच्या मांडणीतलं हाताला येईल ते पुस्तक उचलतात, असं आपांनी कधीतरी सांगितलं होतं. मी ती तिन्ही पुस्तकं त्या मांडणीत सगळ्यात पुढे लावली आणि पाच वाजायच्या आत तिथून निघालो.