तिसऱ्या मजल्यावरच्या बाई

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पूर्वी व्यावसायिक टेनिस खेळायच्या, परदेशातही जाऊन आल्या. अजून भाजीच्या रांगेतसुद्धा त्या गुडघे किंचित वाकवून, समोरून सर्व्हिस येणार असल्यासारख्या उभ्या राहतात.

परवा सेक्रेटरीकाकांनी त्यांना बॅडमिंटनचं आव्हान दिलं. बाई डाव्या हाताने खेळल्या आणि आरामात जिंकल्या. काका भडकले.

"डाव्या हाताने हरवता? हा माझा अपमान आहे."

"सॉरी काका. पुढच्या वेळी नक्की उजव्याने."

काकांचं समाधान झालं. जिना चढताना मी बाईंना विचारलं, "खरंच उजव्याने खेळणार?"

"कसली खेळतेय," बाई हळूच म्हणाल्या. "उजवा खांदा वर जात असता, तर टेनिस सोडलं असतं का गं मी?"