भोंगाबाई

"मुकीच्या हाताखाली मुकी दिलीय हेडमास्तरांनी. आता चौथी 'क'मध्ये खाणाखुणांचीच शाळा भरणार."

तावडे गुरुजी पाण्याच्या माठाजवळ उभे राहून शिपायाला सांगत होते. दोघंही हसले. मी दाराच्या अलीकडे हजेरीपट छातीशी धरून उभी होते. त्यांना मी दिसले नव्हते. दिसले असते तरी मी काही बोलले नसते. दुसरी मुकी माझ्या मागेच उभी होती. तिनं हातातल्या रुळानं मला हलकेच बाजूला केलं, माठाशी गेली, पेलाभर पाणी सावकाश प्यायली आणि रिकामा पेला तावडे गुरुजींच्या हातात देऊन परत आली. गुरुजी तो पेला धरून उभेच राहिले.

त्या परुळेकर बाई. सारा भोईवाडा त्यांना भोंगाबाई म्हणे.

हे नाव त्यांना पडलं तेव्हा त्यांचा आवाज शाबूत होता. गिरणीचा भोंगा आणि बाईंचा पाढा एकाच वेळी सुरू झाला तर पोरांना आधी बाई ऐकू येतात, असं चाळीतल्या बायका सांगत. "तेराचा पाढा ऐकू आला की मी भात टाकायचे," असं एक बाई मला नळावर म्हणाली होती. "आता भात कधी टाकायचा तेच कळत नाही बघा." मी तो आवाज कधीच ऐकला नाही. मी शाळेत आले तेव्हा त्याचं नुसतं नाव उरलं होतं. बाई बोलत ते कागद फाडल्यासारखं ऐकू यायचं, आणि तेही अगदी जवळ गेलं तर.

मुलांना वाटे, बाईंचा घसा मोर्च्यात गेला. आमच्या शाळेसमोरून तेव्हा आठवड्यातून एकदा तरी मोर्चा जायचा, आणि एकदा अश्रुधुराच्या दिवशी बाईंनी ओरडत ओरडत चाळीस मुलं घरोघर पोचवली होती. तेव्हापासून आवाज बसला, असं मुलं अभिमानानं सांगत. कोणी म्हणे, बाईंनी 'झालाच पाहिजे' इतक्यांदा म्हटलं की घसाच फाटला. बाई ते ऐकत आणि हसत. एकदा त्या मला कुजबुजत म्हणाल्या, "म्हणू देत गो. त्यात पोरांना जरा ऐट वाटते. खरं कारण सांगितलं तर काय वाटेल?" खरं कारण तेव्हा त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. अंदाज होता.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आमचं घर गिरगावातलं, तीन पिढ्या मुंबईतच. मी मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले. इंटरला नापास झाल्यावर पप्पांच्या ओळखीनं ही तात्पुरती, बिनट्रेनिंगची नोकरी मिळाली, "घरी बसण्यापेक्षा बरं" म्हणून. मला मराठी वाचता यायचं, बोलताही यायचं. मोजता मात्र इंग्रजीतच यायचं. आणि माझं काम होतं बाईंचा आवाज होणं. त्यांनी मागे उभं राहायचं, मी फळ्याशी.

मागे उभं राहणं ही बाईंची जुनीच रीत. बाकीचे शिक्षक पुढे टेबलाशी असत. बाई शेवटच्या रांगेमागे, भिंतीला पाठ टेकून. मी कारण विचारलं नव्हतं, पण त्यांनीच एकदा सांगितलं. "पुढून पोरांची तोंडं दिसतात. तोंड खोटं बोलतं, सगळ्यांबरोबर नुसतं हलतं. मागून माना दिसतात. ज्याला येत नाही त्याची मान खाली जाते. मान खोटं बोलत नाही." अशा खाली गेलेल्या मानेजवळ जाऊन त्या उभ्या राहत. रागावत नसत, काही विचारतही नसत. नुसत्या उभ्या राहत. इंदू नावाची एक मुलगी होती, गिरणीतल्या साचेवाल्याची. वर्षभर ती ओठ हलवून सगळ्यांना फसवत आली होती. बाईंनी तिची मान ओळखली. रोज पहाटे नळाच्या रांगेत तिच्या मागे आपली बादली लावून तिचे पाढे म्हणवून घेतले. इंदू म्हणायची आणि बाई बादलीच्या काठावर बोटानं ताल द्यायच्या.

तो तालच त्यांचा उरलेला आवाज होता. मी पाढा सांगायचा, मुलांनी मागून म्हणायचा आणि प्रत्येक बरोबर ओळीला बाईंनी मागच्या भिंतीवर रूळ आपटायचा. टक्. चूक झाली की टक् यायचं नाही. एवढंच.

पहिल्या दिवशी एकोणतीसचा पाढा होता. "एकोणतीस एके एकोणतीस." टक्. "एकोणतीस दुणे अडुसष्ट." सगळा वर्ग माझ्यामागून खणखणीत ओरडला, "एकोणतीस दुणे अडुसष्ट!" मागून काहीच आलं नाही. मी थांबले. माझ्या डोक्यात 'फिफ्टी-एट' स्पष्ट होतं, पण अठ्ठावन्न आणि अडुसष्ट यांतलं कुठलं त्याचं, ते काही केल्या आठवेना. मुलं माझ्याकडे बघत होती. एकही हसलं नाही. नव्या बाईंनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार, अशा चेहऱ्यानं चाळीस मुलं पुढच्या चुकीची वाट बघत होती. ती हसली असती तर बरं झालं असतं.

मधल्या सुट्टीत मी रडत होते. बाईंनी डब्यातली तांदळाची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे केली. "तू चुकलीस त्याचं काही नाही गो बाय. पण मास्तराची चूक एकटी जात नाही, चाळीस जणांना बरोबर घेऊन जाते." मग बराच वेळ खडीसाखर चघळून, घसा ओला करून म्हणाल्या, "तरी तू थांबलीस. मी तेच बघत होते. पुष्कळजण थांबत नाहीत."

त्या आठवड्यात मी रोज घरी, गॅलरीत कपडे वाळत घालताना, मराठीत शंभरपर्यंत मोजत असे. आईला वाटलं, माझं काहीतरी बिनसलंय.

दिवाळीनंतर बाईंनी मला परळच्या इस्पितळात बरोबर नेलं. कारण साधं होतं, डॉक्टरांचा कागद इंग्रजीत असतो. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "वाच. काय लिहिलंय?" मी वाचला. दोन ओळी होत्या. शब्द अवघड नव्हते, माझ्या शाळेनं मला तेवढं इंग्रजी नक्कीच शिकवलं होतं. मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "सूज आहे म्हणतात. औषधं घ्यायला सांगितलीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मान खाली गेली तुझी."

मग आम्ही दोघी चालत शाळेपर्यंत आलो. वाटेत त्यांनी डाळिंबं घेतली, भाव केला, तोही कुजबुजत. फळवाला म्हणाला, "काय बाई, गुपित सांगताय की काय?" बाई म्हणाल्या, "हो, तुझा तराजू खोटा आहे हे." तो मनापासून हसला.

त्या दिवसापासून बाईंना घाई झाली. जन्मतारखेप्रमाणे जानेवारीअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि चौथीची परीक्षा एप्रिलात होती. तीन महिने वर्गाचं काय, हा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात होता. नवा शिक्षक मिळणार नव्हता. वर्ग मोडून अर्धी मुलं तावडे गुरुजींच्या वर्गात आणि अर्धी दुसऱ्या वर्गात घालायची, असं हेडमास्तरांनी ठरवलं होतं. त्या दोन्ही वर्गांत आधीच पन्नास-पन्नास मुलं होती. "मागच्या भिंतीला बसवतील माझी पोरं," बाई म्हणाल्या, "आणि तिथे मागे कोणी उभं नसतं." त्यांनी हेडमास्तरांकडे चार वेळा चिठ्ठी पाठवली. शेवटी हेडमास्तर त्यांना म्हणाले, आणि मी तिथेच होते, "या मुलीनं स्वतः मागितलं तर मी वर लिहितो. तीन महिने हिच्यावर काढू. पण बाई, तिनं तोंड तर उघडलं पाहिजे."

मी म्हटलं, "पप्पांना विचारते."

पप्पांनी तोवर फोर्टातल्या एका कंपनीत माझ्यासाठी टायपिस्टची जागा बघून ठेवली होती. "टेम्पररी नोकरी ही काय नोकरी आहे का? आणि रोज तिकडे दगडफेक," ते म्हणाले. ते चुकीचं बोलत नव्हते. मी त्यांना वर्गाबद्दल सांगितलंच नाही. विचारलंही नाही. बाई रोज सकाळी माझ्याकडे बघायच्या आणि मी फळा पुसायला लागायचे.

एकदा, खाली मोर्चा चालला असताना, खिडक्या लावून घेऊन आम्ही पाढे घेत होतो. घोषणांचा आवाज इतका होता की भिंतीवरचं टक् मुलांना ऐकू येईना. बाई तरी रूळ आपटत राहिल्या. मग थांबल्या आणि मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मराठी राज्य मिळेल गो. मिळायलाच हवं. पण मिळाल्यावर त्यातले पाढे कोण म्हणवून घेणार?"

निरोपाचा समारंभ शनिवारी सकाळी झाला. दोन वर्गांमधला पडदा सरकवून सभागृह केलं होतं. शाल, नारळ आणि गुलाबाचा हार. तावडे गुरुजी बोलले आणि बोलता बोलता खरोखर रडले. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनीच त्यांना फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकवलं होतं म्हणे. हेडमास्तर भाषेविषयी बोलले, हुतात्म्यांविषयी बोलले, टाळ्या झाल्या. मग बाईंनी पदराच्या गाठीतून एक कागद काढून मला दिला. त्यांचं भाषण. आदली रात्रभर लिहिलं असावं, पेन्सिलनं, मोठ्या शाळकरी अक्षरात, मला अडू नये म्हणून.

मी वाचलं. "मी तेहेतीस वर्षं शिकवलं. काय शिकवलं ते मला नीट सांगता येणार नाही. पाढे काही मी केलेले नव्हते. माझं म्हणून मी एवढंच केलं की ज्याची मान खाली गेली त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. पुष्कळदा उशिरा गेले. कधी गेलेच नाही. पहिल्या आलेल्या मुलांची तोंडं मला आता आठवत नाहीत. ज्यांच्याजवळ गेले नाही त्यांच्या माना आठवतात. निवृत्तीचं मला दुःख नाही. भीती आहे."

त्याखाली एक शेवटची ओळ होती. ती वर्गाबद्दल होती आणि माझ्याबद्दल. ती वाचली असती तर ते मी माझ्यासाठी सगळ्यांसमोर मागितल्यासारखं झालं असतं. हेडमास्तर पहिल्याच खुर्चीवर होते. मी वर पाहिलं. दोनशे मुलं, सगळे शिक्षक, दारात चाळीतल्या बायका. पप्पांचं कारण मला देता येईल, पण ते खरं कारण नाही. इतक्या माणसांसमोर मला माझ्याविषयीचं वाक्य वाचता आलं नाही. मी कागदाची घडी घातली, "आभारी आहे" असं, जे त्यात लिहिलेलं नव्हतं, म्हटलं आणि खाली बसले.

टाळ्या सुरू झाल्या. बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. एवढ्या सगळ्या माणसांत कोणालाही काही ऐकू आलं नाही. लोकांना वाटलं, त्या नमस्कार करताहेत. टाळ्या वाढल्या. तेवढ्यात बाहेर गिरणीचा भोंगा झाला आणि मुलं हसली, कारण भोंगा अगदी वेळेवर झाला होता. बाई हात वर धरून तशाच उभ्या होत्या. रूळ त्यांच्याजवळ नव्हता. तो मी वर्गात फळ्याखाली ठेवला होता.

सोमवारी वर्ग मोडला. मी त्याच सोमवारी फोर्टात रुजू झाले.

त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्याचं कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. एका दुपारी ऑफिसात रजा सांगून गेले. जाताना आधी शाळेत डोकावले, का ते मलाही सांगता येणार नाही. मग इस्पितळात. बायकांचा लांबलचक वॉर्ड, खिडकीजवळची लोखंडी खाट. बाईंच्या गळ्याभोवती पट्टी होती. उशाशी पाटी-पेन्सिल. मला पाहून त्यांनी खुणेनं स्टूल दाखवलं, माझ्या नव्या पर्सकडे बघून भुवया उंचावल्या आणि पाटीवर एकच शब्द लिहिला.

"वर्ग?"

ठीक आहे, असं म्हणता आलं असतं. आजारी माणसाशी असंच बोलतात. माझी मान खाली जायला लागली होती, ती मला जाणवली, आणि मी ती वर धरली.

"मोडला, बाई."

बाईंनी पेन्सिल खाटेच्या लोखंडावर आपटली. टक्.

"अर्धी मुलं तावडे गुरुजींकडे आहेत. ती मागच्या भिंतीला बसतात."

टक्.

"इंदू शाळेत येत नाही. धाकट्या भावाला सांभाळते. आता नाही येणार म्हणाली तिची आई."

यावेळी टक् यायला वेळ लागला. पण आलं.

"त्या दिवशी शेवटची ओळ मी वाचली नाही."

आता टक् आलं नाही. बाई पेन्सिल उचलून धरून वाट बघत राहिल्या. एखादं मूल पाढा अर्ध्यावर सोडून उभं राहिलं की त्या रूळ असाच उचलून धरायच्या. सुरू केलेला पाढा पुरा केल्याशिवाय खाली बसू द्यायच्या नाहीत.

तो कागद माझ्या पर्समध्ये होता. त्या दिवसापासून होता. मी तो उलगडला आणि उभी राहिले. समोरच्या खाटांवरच्या बायका बघायला लागल्या, टोकाची नर्स वळली. वॉर्डाच्या शेवटच्या खाटेपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं मी वाचलं:

"माझा वर्ग मोडू नका. ही मुलगी चुकते, पण चुकलं की थांबते. वर्ग हिला द्या."